रोजची मैत्री : लहान कृती, चार संगहवत्थु आणि बरोबरीची कसोटी

अशोक विजयादशमी जवळ आली की वर्धा आणि सेवाग्राम या दोन्ही रेल्वे स्टेशनांवर नागपूरकडे निघालेल्या बांधवांची गर्दी होते. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तरी "सरका ना जी थोडं" म्हटले की कुणीतरी सरकते. एकीच्या मांडीवर दुसरीचे लेकरू झोपते. शिदोरी सुटली की शेजारच्या अनोळखी माणसापुढेही भाकरी येते. दीक्षाभूमीच्या आसपास भोजनदानाच्या मंडपांपुढे रांगा लागतात. तिथे कुणी जात विचारत नाही, पैसेही मागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 पासून हा अनुभव आपल्या समाजाच्या अंगवळणी पडला आहे.

हीच माणसे आठ दिवसांनी एसटीत, बँकेत, दवाखान्यात, तहसीलमध्ये भेटतात, तेव्हा एकमेकांशी कशी वागतात? वर्धा जिल्ह्यातील वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न आमच्यासमोर वारंवार येतो. तरुण कार्यकर्ते विचारतात, "मोर्चा, आंदोलन, शिष्यवृत्तीचा प्रश्न हे समजते, पण कुणाला पाणी दिले, कुणाचा फॉर्म भरून दिला, यात धम्म कुठे आला? हे तर सगळेच सांगतात." शंका योग्य आहे. चांगुलपणाचे सुविचार फोनवर रोज सकाळी येतात आणि त्यांनी कुणाचे काही बदलत नाही. म्हणून या लहान कृतींबद्दल बौद्ध परंपरेत नेमके काय आहे, बाबासाहेबांनी त्याकडे कसे पाहिले आणि आपल्या जिल्ह्यात त्याचा रोजचा अर्थ काय, याची मांडणी येथे करत आहोत.

दया, करुणा आणि मैत्री

बोलताना आपण हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब करुणा आणि मैत्री यांत फरक करतात. करुणा माणसांपुरती आहे. मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत जाते, म्हणून तथागतांनी करुणेपाशी थांबू नका असे सांगितले, असा त्यांचा आशय आहे. दहा पारमितांमध्ये करुणा आणि मैत्री या दोन वेगळ्या पारमिता आहेत आणि दान ही आणखी वेगळी.

दया हा शब्द मात्र जरा जपून वापरावा असे आम्हाला वाटते. बावीस प्रतिज्ञांपैकी तेराव्या प्रतिज्ञेत तो येतो आणि तिथे तो सर्व प्राणिमात्रांसाठी आहे, त्यामुळे शब्दाशी भांडण नाही. पण गावगाड्यातली 'दया' वेगळी होती. ती वरून खाली यायची. येसकराच्या टोपल्यात वरून पडणारा भाकरीचा तुकडा, मयताच्या अंगावरचे कापड, ओंजळीत उंचावरून ओतलेले पाणी हे सगळे देणाऱ्याच्या हिशेबात पुण्यच होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे आणि फुटक्या भांड्यातले अन्न सांगितले आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला. त्याच वर्षी मार्चमधील महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळेपाके तुकडे सोडण्याचे आवाहन केले होते. चवदार तळ्याचे पाणी पिण्याइतकीच ही गोष्ट मोठी होती. मिळणारे अन्न नाकारायला पोटात धैर्य लागते.

त्यामुळे आपल्या समाजात कुणी चांगुलपणा दाखवू लागला की आधी मनात संशय येतो आणि तो इतिहासातून आला आहे. तरुणांनी त्याची लाज बाळगू नये. मैत्रीचा विचार हा संशय सोबत घेऊनच करायला हवा.

संगहवत्थु : माणसे जोडणाऱ्या चार गोष्टी

पालि साहित्यात 'संगहवत्थु' ही संकल्पना अनेक ठिकाणी येते. गृहस्थांच्या आचरणासाठी सांगितलेल्या दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात ती आहे, अंगुत्तर निकायातही आहे. संगह म्हणजे एकत्र धरणे, जोडणे. चार गोष्टींनी माणसे जोडली जातात : दान, पियवाचा, म्हणजे प्रेमाचे बोलणे, अत्थचरिया, म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे वागणे, आणि समानत्तता, म्हणजे सुखदुःखात बरोबरीने राहणे, समान वागणूक देणे. रथाच्या चाकाला जशी आसाची खीळ, तशा या चार गोष्टी समाजाला, असा दृष्टांत तिथे दिला आहे. खीळ बोटाएवढी असते, पण ती निघाली की चाक निखळते.

आमच्या मते चौथी गोष्ट ही पहिल्या तिघींची कसोटी आहे. दान दिले, गोड बोललो, उपयोगीही पडलो, पण समोरच्याला खाली मान घालावी लागली, तर समानत्तता नाही. गावचा पाटीलही सणाला दान देतच होता.

संगहवत्थुंचा आदर्श म्हणून आळवी नगरीच्या हत्थक या उपासकाचे नाव येते. पाचशे उपासक घेऊन तो तथागतांकडे आला, तेव्हा एवढी माणसे कशी सांभाळतोस, असे त्यांनी विचारले. तुम्हीच शिकवलेल्या चार संगहवत्थुंनी, असे त्याने उत्तर दिले. त्याच्याबद्दलची दुसरी नोंद आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. तथागतांनी त्याच्या सात गुणांची प्रशंसा केली, हे एका भिक्खूने त्याला सांगितले. त्यावर त्याने विचारले, त्या वेळी तिथे कुणी गृहस्थ तर हजर नव्हता ना? नव्हता, हे ऐकून त्याला बरे वाटले. हे कळल्यावर तथागतांनी त्याच्यात आठवा गुण जोडला : आपले गुण लोकांना कळावेत अशी त्याला इच्छा नाही. ब्लँकेट वाटपाचे फोटो टाकण्यापूर्वी हे सुत्त एकदा वाचावे. घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो तर टाकूच नये. त्याची परवानगी विचारली तरी हातात ब्लँकेट असलेला माणूस 'नाही' कसा म्हणणार?

लहान म्हणजे किती लहान?

या बाबतीत सुत्तांमधली मोजमापे फार बोलकी आहेत. संयुत्त निकायात एक तुलना आहे. एकाने सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी शंभर-शंभर हंडे अन्न दान केले आणि दुसऱ्याने गाईच्या सडातून एक धार काढायला लागतो तेवढाच वेळ मनात मैत्री जागवली, तर दुसऱ्याचे फळ मोठे. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना ही वेळ सांगावी लागणार नाही. अंगुत्तर निकायात चुटकी वाजवण्याएवढ्या वेळाचीही गोष्ट येते.

मनात मैत्री ठेवली म्हणजे झाले, हात हलवायची गरज नाही, असा अर्थ काढणारेही भेटतात. त्यांच्यासाठी वच्छगोत्ताचा संवाद आहे. दान फक्त मला आणि माझ्या शिष्यांना द्या, इतरांना देऊ नका, असे तुम्ही सांगता हे खरे का, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी हा आरोप साफ नाकारला. दुसऱ्याला देणाऱ्याला जो अडवतो तो देणारा, घेणारा आणि स्वतः अशा तिघांचे नुकसान करतो, असे सांगून त्यांनी उदाहरण दिले : ताटवाट्या विसळलेले पाणी गावाबाहेरच्या डबक्यात टाकताना त्यातले जीव यावर जगोत असे कुणाच्या मनात आले, तरी ते पुण्यच आहे. खरकटे पाणी! याहून स्वस्त आणि याहून लहान काय असणार? या संवादातला दुसरा मुद्दाही तेवढाच मोठा आहे. आपल्याच माणसांपुरता चांगुलपणा ही कल्पना तथागतांनी स्वतःच्या संघासाठीदेखील मान्य केली नाही.

विनयपिटकाच्या महावग्गातला आजारी भिक्खूचा प्रसंग बहुतेकांना माहीत आहे; बाबासाहेबांनीही तो आपल्या ग्रंथात घेतला आहे. अतिसाराने हैराण झालेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, दोघांनी उचलून खाटेवर ठेवले. पण इतर भिक्खूंनी त्याची सेवा का केली नाही, याचे मूळ कथेतले उत्तर आपण सहसा सांगत नाही. हा इतरांच्या काही कामाला येत नाही, म्हणून कुणी याच्याकडे पाहत नाही, असे ते उत्तर होते. त्यावर तथागतांचा आशय असा होता : इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. 'माझ्या कामाला कोण येतो' हा हिशेब अडीच हजार वर्षांपूर्वी संघातही होता आणि आज संघटनांमध्येही आहे. जो कार्यकर्ता पद सोडतो, आजारी पडतो किंवा दुसऱ्या गटात जातो, त्याच्या घरी किती जण जातात हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

सेवेच्या जिल्ह्यात बाबासाहेबांचे पत्र

वर्धा जिल्ह्याची ओळखच सेवेची आहे. जमनालाल बजाज यांनी 1928 मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. गांधीजींचा हरिजन दौरा नोव्हेंबर 1933 मध्ये येथूनच सुरू झाला. 1936 मध्ये ते शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्याच वर्षी मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. या कामांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कुष्ठरुग्णाला हात लावायला घरचे लोकही तयार नसत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पण सेवेकडे आपण कोणत्या बाजूने पाहायचे, हे बाबासाहेबांच्या एका पत्रातून कळते. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली, तिचे चिटणीस ठक्करबाप्पा यांना बाबासाहेबांनी 14 नोव्हेंबर 1932 रोजी बोटीवरून प्रवास करताना हे पत्र लिहिले. अस्पृश्यांतील निवडक व्यक्तींना सद्गुणी बनवण्यात शक्ती घालवू नका, त्यांच्या परिस्थितीवर घाव घाला, असे त्यांचे म्हणणे होते. विहीर, शाळा, चावडी, वाहने यांवरचा नागरी हक्क मिळवून देण्याची मोहीम घ्या. कामधंद्यात समान संधीसाठी लढा. आणि स्पृश्य-अस्पृश्यांचा रोजच्या जीवनात संबंध येऊ द्या, स्पृश्यांनी त्यांना घरात घ्यावे. कायद्याने माणसे एकत्र बांधता येणार नाहीत, ते काम प्रेमच करू शकते, असेही त्यांनी याच पत्रात म्हटले आणि जो प्रेम करतो तोच सेवा करू शकतो, हा टॉलस्टॉयचा विचार त्याला जोडला. या पत्राची साधी पोचही आली नाही, असे त्यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे.

हक्काची मोहीम, समान संधी आणि घराच्या उंबरठ्याच्या आतला संबंध या तीन गोष्टी एकाच पत्रात आहेत. त्यामुळे 'हक्कासाठी लढायचे की माणुसकीने वागायचे' हा वादच आम्हाला खोटा वाटतो. बंधुतेला बाबासाहेबांनी लोकशाहीच्या मुळाशी ठेवले आणि ही तत्त्वे आपण आपल्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली असे 1954 मध्ये आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. बंधुता संविधानाच्या उद्देशिकेत लिहिता येते. पाळावी लागते ती मात्र नळावर, बाकावर आणि रांगेत.

पाणी, कप आणि हाक

मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. या दिवसांत पाणपोई ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि साधी मैत्री. उन्हातून आलेल्या डिलिव्हरी बॉयला, मीटर रीडिंग घ्यायला आलेल्या मुलाला, कचरागाडीवरच्या ताईंना एक ग्लास पाणी विचारायला काही लागत नाही. पण ग्लास कोणता? घरकाम करणाऱ्या बाईचा कप खिडकीत वेगळा ठेवण्याची पद्धत शहरात अजून आहे आणि स्वतःला पुढारलेले म्हणवणाऱ्या काही घरांतही आहे, त्यात आपल्या समाजातली घरेही येतात. वेगळ्या कपातला चहा हे दान आहे, पण संगहवत्थु नाही. घरातल्याच ग्लासात पाणी द्या, तिथेच बसायला सांगा. "बसा ना जी, पाणी घ्या" या वाक्यात चारही गोष्टी येतात.

सिगालोवाद सुत्तात कामाला ठेवलेल्या माणसांबद्दलची कर्तव्ये स्पष्ट सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम, जेवण आणि मजुरी, आजारपणात काळजी, घरात काही खास केले तर त्यात वाटा, आणि वेळेवर सुट्टी. कापूस वेचायला आलेल्या मजूर बायांचा विचार या यादीने करून पाहावा. शेवटची दोन कलमे तर आजच्या कित्येक मालकांना नवी वाटतील.

पियवाचेचा मराठीतला पहिला धडा म्हणजे अहो-जाहो. वडिलांच्या वयाच्या सफाई कामगाराला 'ए' म्हणून हाक मारणारा मुलगा साहेबाला 'सर' म्हणतो, तेव्हा त्याला बोलण्याची रीत येत नाही असे नसते. कुणाला कोणती हाक द्यायची याचे गणित त्याच्या डोक्यात पक्के असते. ते गणित जातीचे आहे. काका, मावशी, भाऊ, ताई ही नाती मराठीत अनोळखी माणसाशीही जोडता येतात. ती फुकट आहेत, तरी आपण ती जपून खर्च करतो.

प्रेमाने बोलणे न झाल्याची किंमत कुठपर्यंत जाऊ शकते, हे महाराष्ट्राने 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाहिले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फोनवर फिरत होत्या. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. भटक्या जमातीची माणसे, भीक्षा मागून पोट भरणारी. "कुठले जी तुम्ही? जेवण झालं का?" एवढे विचारणारे कुणी तिथे असते तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. बेड्यावरचा मुलगा दुकानात आला की दुकानदाराची नजर गल्ल्याकडे जाते आणि गावात चोरी झाली की पहिले नाव बेड्याचे घेतले जाते. हे करणाऱ्यांत आपले लोक नाहीत, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? कधीकाळी जी नजर आपल्यावर रोखलेली होती ती आता आपल्या डोळ्यांतून दुसऱ्यावर जाऊ नये, हे आम्हाला या विषयातले सर्वांत तातडीचे काम वाटते. वच्छगोत्ताला दिलेले उत्तर इथे लागू होते.

उपयोगी पडणे : बँक, दवाखाना, रस्ता

अत्थचरियेला आजच्या काळात सर्वांत मोठे क्षेत्र आहे ते कागदाचे. निराधार योजनेचे पैसे काढायला आलेली आजी विड्रॉल स्लिप घेऊन बँकेत कुणाच्या तरी तोंडाकडे पाहत उभी असते. ई-केवायसी, आधार लिंक, उत्पन्नाचा दाखला या प्रत्येकासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. "उद्या या" ऐकून परत गेलेल्या माणसाचे नुकसान फक्त बसभाड्याचे नसते. ज्याला लिहिता येते त्याने दोन मिनिटे थांबून स्लिप भरून द्यावी, कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगावे, आणि माहीत नसेल तर अंदाजाने काही सांगू नये. चुकीची माहिती हीही एक फेरी वाढवते. आणखी एक काळजी : एटीएमचा पिन, ओटीपी, पासबुक आपल्या ताब्यात घेऊ नये, यंत्रावरची बटणे त्यांनाच दाबू द्यावीत. फसवणूक करणारेही मदतीच्याच भाषेत बोलतात, त्यामुळे एखाद्या आजीने मदत नाकारली तर तो तिचा शहाणपणा समजावा.

सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत विदर्भातून आणि शेजारच्या राज्यांतून रुग्ण येतात. रुग्णाकडे डॉक्टर पाहतात. नातेवाइकाकडे कुणी पाहत नाही. केसपेपर कुठे काढायचा, रक्त तपासणीचा रिपोर्ट कुठे मिळतो, रात्री कुठे पडायचे हे त्याला आतापर्यंत बाजूच्या खाटेवरच्या नातेवाइकानेच सांगितलेले असते. या वॉर्डांमधली माणुसकी आम्ही जवळून पाहिली आहे. डबा वाटून खाणारे, एकमेकांच्या रुग्णाजवळ आळीपाळीने जागणारे लोक एकमेकांचे आडनाव विचारायच्या आत मदत करून मोकळे झालेले असतात. आडनाव नंतर विचारले जाते आणि कधीकधी त्यानंतर डबा वेगळा होतो, हेही पाहिले आहे.

रस्त्यावरचा अपघात ही मदतीची सर्वांत अवघड वेळ. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. 1 जुलै 2023 च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस पेटून 25 जण गेले. त्यांत वर्ध्याचे प्रवासीही होते. अशा वेळी लोक थांबत नाहीत, कारण पोलिसांचा आणि कोर्टाचा ससेमिरा मागे लागेल ही भीती असते. ही भीती आता बरीचशी जुनी झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदतकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिले. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आले. सद्हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला तातडीची मदत करणाऱ्यावर त्या मदतीतून काही दगावले तरी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. 2020 च्या नियमांनुसार पोलीस मदतकर्त्याला नाव, पत्ता किंवा ओळख सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत आणि धर्म, जात, लिंग यावरून त्याच्याशी भेदभाव न करता आदराने वागले पाहिजे. हे हक्क रुग्णालयाच्या दर्शनी भागात स्थानिक भाषेत लावणे आवश्यक आहे. आपल्या गावच्या रुग्णालयात ते लावले आहेत का, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. नसतील तर एक अर्ज पुरेसा आहे. काहीच जमले नाही तरी 108 वर फोन करून जागा नीट सांगणे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिथे थांबणे एवढे प्रत्येकाला जमते. मानेला किंवा पाठीला मार असेल तर जखमीला उगाच ओढून उचलू नये. आग किंवा वाहतुकीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी.

देण्याची रीत

जगात या विषयावर चळवळी झाल्या आहेत. जपानमध्ये 1963 साली टोकियो विद्यापीठाचे अध्यक्ष काया सेइजी यांनी पदवीदानाच्या भाषणात विद्यार्थ्यांना लहान चांगुलपणाचे आवाहन केले आणि त्यातून तिथे 'लहान दयाळूपणा'ची चळवळ उभी राहिली. 13 नोव्हेंबर हा जागतिक दिवसही पाळला जातो. 2015 च्या हिवाळ्यात इराणमधल्या मशहद शहरात भिंतीला खुंट्या ठोकून नको असलेले गरम कपडे टांगायची कल्पना निघाली; वर्षभरात महाराष्ट्रातल्या अनेक गावांत 'माणुसकीची भिंत' दिसू लागली.

भिंतीची कल्पना चांगली आहे, कारण घेणाऱ्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पण तिथे काय टांगले जाते हे पाहिले की आपल्या इतिहासाची आठवण होते. फाटके, बटणे तुटलेले, उसवलेले. अंगुत्तर निकायात सत्पुरुषाच्या दानाची लक्षणे सांगितली आहेत : आदराने देणे, विचारपूर्वक देणे, स्वतःच्या हाताने देणे आणि टाकून देण्याजोगी वस्तू न देणे. लगेच पुढच्या सुत्तात योग्य वेळी देणे आणि स्वतःला वा दुसऱ्याला इजा होऊ न देता देणे हेही येते. साडी द्यायची तर धुऊन, इस्त्री करून, आपण घालून बाहेर जाऊ शकू अशी द्यावी. आणि कुणी "नको" म्हटले तर ते मनाला लावून घेऊ नये. नको म्हणण्याचा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांनी मोठ्या कष्टाने मिळवला आहे.

'स्वतःला इजा होऊ न देता' हे शब्द आमच्या महिला कार्यकर्त्यांसाठी विशेष महत्त्वाचे आहेत. रात्री अनोळखी माणसाला गाडीवर बसवणे हा चांगुलपणाचा निकष असू शकत नाही. फोन करून मदत बोलावणे पुरेसे आहे. घरात तर चांगुलपणाची सगळी जबाबदारी बायांवरच टाकलेली असते. पौर्णिमेला विहारात वंदना होते, खीर वाटली जाते. पातेली कोण घासते? तरुण मुलांनी मैत्रीचा पहिला प्रयोग तिथून सुरू करायला हरकत नाही.

जिल्ह्यात बुद्ध विहार नाही असे गाव शोधावे लागेल, पण त्यांतली कित्येक विहारे वंदनेची वेळ सोडली तर कुलूपबंद असतात. उन्हाळ्यात विहाराच्या ओट्यावर दोन माठ आणि सगळ्यांसाठी एकाच प्रकारचे ग्लास ठेवता येतील. आत एका टेबलावर बँकेच्या स्लिपा, उत्पन्नाच्या दाखल्याचे आणि शिष्यवृत्तीचे कोरे अर्ज, 108 आणि 112 हे क्रमांक लिहिलेला कागद, आणि संध्याकाळी तासभर बसणारा एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी. अर्ज भरायला बेड्यावरचा माणूस आला काय, पाटलाच्या वाड्यावरचा सालगडी आला काय किंवा खुद्द पाटील आला काय, खुर्ची तीच. खर्च फारसा नाही. पेन मात्र दोरीने टेबलाला बांधून ठेवावा. मैत्री कितीही वाढली तरी पेन परत येत नाहीत.